शब्दांच्या आधी सूर: लाज आणि स्वतःवरची टीका घेऊन आलेल्या माणसासोबत कसं काम करावं

समोर बसलेला माणूस स्वतःबद्दल काय बोलतो, हे आपण सगळेच ऐकतो. तो कोणत्या सुरात बोलतो, हे ऐकायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली. समुपदेशक म्हणून काम करायला लागून मला आता अठरा वर्षं झाली. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: पहिल्या दोन सेशनमध्ये वाक्यं टिपाल, तशी ती कशी म्हटली गेली तेही टिपा. 'मी मूर्ख आहे' हे कुणी थकून म्हणतं, कुणी दातओठ खात, कुणी हसत हसत. हसत म्हणणाऱ्याकडे जास्त लक्ष द्या.

हे मुख्यतः नव्या समुपदेशकांसाठी लिहिते आहे. पण तुम्ही स्वतः थेरपी घेत असाल आणि रोज स्वतःलाच फैलावर घेत असाल, तर यातलं जे आपलं वाटेल ते तुमच्या थेरपिस्टकडे घेऊन जा आणि त्यावर बोला.

माझ्याकडे एक ताई येत असत. त्यांची आणि पुढे येणाऱ्या कुणाचीच ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत, दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र केले आहेत. त्यांचं ऑफिसात हिशेबाचं काम. महिनाअखेरीच्या तक्त्यात एक आकडा चुकीच्या रकान्यात पडला. वरिष्ठांनी ईमेल करून दुरुस्त करायला सांगितलं, ताईंनी दहा मिनिटांत करून पाठवलं. ऑफिसात विषय तिथेच मिटला. ताईंना मात्र दोन रात्री झोप लागली नाही. 'एवढं साधं जमत नाही तुला? कुणी ठेवलंय तुला नोकरीवर?' हे त्या स्वतःला म्हणत होत्या, आणि मला सांगतानाही त्यांचा आवाज दुसऱ्या कुणावर तरी खेकसावं तसा लागला होता.

आधी लाज ओळखायला शिका

अपराधीपणा आणि लाज आपण बोलताना एकात एक मिसळून टाकतो. थेरपीत त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये हा फरक नेमका मांडला: अपराधीपणात लक्ष केलेल्या गोष्टीवर असतं, लाजेत ते अख्ख्या माणसावर येतं. 'माझ्या हातून चूक झाली' म्हणणारा माफी मागतो, भरपाई करतो, पुढच्या वेळी जपून वागतो. 'मीच मुळात वाईट आहे' असं वाटणाऱ्याला करण्यासारखं काही उरतच नाही, त्याला फक्त लपायचं असतं. म्हणून अपराधीपणा लगेच पुसून टाकायला जाऊ नका. कुणी खरोखर कुणाला दुखावलं असेल तर ते वाटणं कामाचं आहे, त्यातूनच नातं सांधायची वाट निघते. आपण लाज हलकी करायची ती एवढ्यासाठी, की माणसाला आपली चूक मान वर करून बघता यावी.

मराठीत बोलताना आपल्याला आणखी एक अडचण येते. 'लाज' हा शब्द आपण लाजाळूपणालाही वापरतो आणि 'लाज नाही वाटत?' असं रागावतानाही. ज्याने लहानपणी हे दुसरं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलंय, त्याला आपण कितीही हळुवारपणे 'तुम्हाला लाज वाटते का?' असं विचारलं, तरी त्याला त्यात झिडकारल्यासारखंच ऐकू येतं. मी तो शब्द स्वतःहून काढत नाही. 'त्या क्षणी काय करावंसं वाटलं?' असं विचारते. मग लोक आपापले शब्द देतात: ओशाळल्यासारखं झालं, कानकोंडी झाले, कुणाला तोंड दाखवू नये असं वाटलं, धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. जो शब्द येईल तोच पुढे वापरायचा, आपला घुसवायचा नाही.

सेशनमध्ये लाज आली की ती अंगावर दिसते. नजर खाली जाते, मान झुकते, खांदे आत येतात, आवाज बारीक होतो. किंवा माणूस एकदम विषय बदलतो. पुन्हा पुन्हा 'सॉरी' म्हणतो, तुमचा वेळ घेतला म्हणून माफी मागतो. आणखी एक खूण खोलीबाहेरची: एखाद्या दिवशी फार मोठं काही सांगून झालं की पुढचं सेशन रद्द होतं. तसं होईल असं वाटलं तर मी ते निघण्याआधीच बोलून ठेवते. 'आज तुम्ही बरंच मन मोकळं केलंत. घरी गेल्यावर कदाचित वाटेल, उगाच बोललो. तसं वाटलं तरी या. तेच घेऊन या.'

अशा वेळी आपल्याला धीर देण्याची घाई होते. 'अहो, असं काही नाही, तुम्ही किती छान आहात!' हे ओठांवर आलं तरी गिळा. लाजेत बुडालेल्या माणसाला कौतुक खोटं वाटतं, शिवाय आपल्याला काही कळलंच नाही असंही वाटतं. वेग कमी करा, आवाज खाली आणा. टक लावून बघू नका. मी खुर्च्याच जरा तिरप्या ठेवते, म्हणजे समोरच्याला खिडकीकडे किंवा जमिनीकडे बघत बोलता येतं. मग हळूच म्हणते, 'हे सांगणं सोपं नव्हतं. मी इथेच आहे.' त्यापुढे थोडा वेळ काहीच बोलत नाही.

आतल्या टीकाकाराला घालवायची घाई नको

मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी करुणा-केंद्रित थेरपी, म्हणजे स्वतःशी मायेने वागायला शिकवणारी पद्धत, उभी केली, तिच्या मुळाशी एक साधं निरीक्षण होतं. विचार बदलण्यावर काम करताना त्यांना दिसलं, की काही लोक समतोल, तर्काला धरून असलेले विचार व्यवस्थित मांडू शकतात, त्यांना ते पटतातही, पण डोक्यात तेच विचार थंड किंवा चिडक्या आवाजात वाजतात. मग बरं कसं वाटणार? 'मी अपयशी नाही, माझ्याकडे पुरावे आहेत' हे वाक्यसुद्धा माणूस स्वतःला दटावून सांगू शकतो.

त्यांची मांडणी क्लायंटला समजावायला सोपी आहे. आपल्या भावना सांभाळणाऱ्या तीन यंत्रणा आहेत असं समजा. एक धोका ओळखते. दुसरी हवं ते मिळवायला पळवते. तिसरी शांत करते, आणि तिला ऊब, जवळीक, सुरक्षित वाटणं लागतं. स्वतःवर सतत ओरडणाऱ्या माणसात पहिली कधी थांबतच नाही. कुणी आपल्यावर खेकसलं की छाती धडधडते, तशी आपण आपल्यावर खेकसलो तरी धडधडते; ओरडा बाहेरून आला की आतून, याचा शरीर फार विचार करत बसत नाही. मी कोरा कागद पुढे ठेवते आणि म्हणते, या तिघींचे तीन गोल काढा, ज्याचा जेवढा जोर तेवढा मोठा. त्या ताईंचा धोक्याचा गोल कागदाच्या कडेबाहेर गेला. शांत करणारीचा कोपऱ्यात होता, पेन्सिलीचं टोक टेकवल्यासारखा.

हे चित्र समोर असतानाच दोन गोष्टी सांगायच्या, आणि दोन्ही सांगायच्या. असा मेंदू, असं बालपण, अशा आठवणी तुम्ही निवडल्या नव्हत्या, त्यात तुमचा दोष नाही. आणि इथून पुढे त्यांचं काय करायचं ही जबाबदारी तुमची आहे, तिच्यात मी सोबत आहे. नुसती दुसरी सांगितली तर लाज वाढते. नुसती पहिली सांगितली तर माणूस हातपाय गाळून बसतो.

मग एक प्रश्न, तोही गिल्बर्ट यांच्याच पद्धतीतला. 'समजा उद्या सकाळी उठलात आणि स्वतःला टोचणारा हा आवाज नाहीसाच झालेला असला, तर कशाची भीती वाटेल?' विचारल्यावर गप्प बसा. पहिलं उत्तर बहुतेकदा 'छे, बरंच होईल' असं येतं. दुसरं उत्तर खरं असतं. मी आळशी होईन. मी माजेन. लोक बोलण्याआधी मीच बोलून घेते, म्हणजे कमी लागतं. ताई बराच वेळ विचार करून म्हणाल्या, 'मग माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?'

या उत्तरानंतर काम सोपं होतं. आतला टीकाकार म्हणजे घाबरलेला राखणदार आहे, हे माणसाला स्वतःच्याच तोंडून कळलेलं असतं. लक्ष ठेवायचं काम तर राहणारच. ते ओरडून करायचं की शेजारी उभं राहून, एवढाच प्रश्न उरतो. आळशी होण्याच्या भीतीवर मी एक प्रयोगही सांगते. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड चाचणी दिली होती. ती झाल्यावर काहींना स्वतःशी समजुतीने वागायला सुचवलं, काहींना त्यांच्या हुशारीची आठवण करून दिली, काहींना काहीच सांगितलं नाही. पुढच्या चाचणीसाठी हवा तेवढा वेळ अभ्यास करा म्हटल्यावर पहिल्या गटातल्या मुलांनी जास्त वेळ अभ्यास केला. हा प्रयोग ऐकवला की कडक शिस्तीत वाढलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर नवल दिसतं, आणि त्या नवलाचा उपयोग होतो.

एक मात्र तपासा. गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये स्वतःवरच्या टीकेची २२ प्रश्नांची प्रश्नावली मांडली, तिच्यात टीकेचे दोन प्रकार वेगळे दिसतात. एक 'मी कमी पडतो' म्हणणारा, दुसरा स्वतःची घृणा करणारा. राखणदाराची गोष्ट पहिल्याला चपखल बसते. दुसऱ्याला सुधारणेशी देणंघेणं नसतं, त्याला माणूस नकोच असतो. तिथे 'या आवाजाचा हेतू चांगला असेल का?' असं विचारणं म्हणजे मारणाऱ्याची बाजू घेतल्यासारखं होतं. अशा वेळी स्वतःला इजा करण्याचे किंवा जगणं नको असल्याचे विचार आहेत का, हे स्पष्ट शब्दांत विचारा, सुरक्षिततेची तजवीज आधी करा, मानसोपचारतज्ज्ञांना सोबत घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

'करुणा' हा शब्द

हा शब्द पुस्तकी आहे, आणि पुष्कळांना त्यात कीव ऐकू येते. 'दया' तर त्याहून वाईट. 'माया' बऱ्याच जणांना चालतो. एका गृहस्थांना तोही नको होता. त्यांना 'स्वतःच्या बाजूने उभं राहणं' हे शब्द पटले, मग आम्ही वर्षभर तेच वापरले.

क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये याचे तीन पदर सांगितले: स्वतःशी मायेने वागणं, चुका आणि दुःख सगळ्याच माणसांच्या वाट्याला येतात याची जाण, आणि जे वाटतंय ते न वाढवता, न दाबता आहे तसं बघणं. मधला पदर जपून वापरा. 'सगळ्यांनाच होतं असं' हे वाक्य एका सुरात माणसाला जवळ ओढतं आणि दुसऱ्या सुरात दार लावून घेतं. मी ते माझ्या तोंडून म्हणतच नाही. 'अशीच एखादी ईमेल वाचून आत्ता कुठेतरी दुसरं कुणी असंच जागं असेल का?' असं विचारते, आणि उत्तर त्यांच्याकडून येऊ देते.

शरीर, मग आवाज, मग शब्द

आता प्रत्यक्ष सराव. पाठ सरळ पण न ताणलेली, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेले. श्वास जरा सावकाश, सोडताना थोडा लांब. सरावाने बऱ्याच जणांचा श्वास मिनिटाला पाच-सहापर्यंत येतो, पण हा आकडा क्लायंटला सांगू नका. सांगितला की टीकाकाराला गुण द्यायला नवी परीक्षा मिळते. जबडा सैल सोडायचा, चेहऱ्यावर अगदी हलकं हसू आणायचं. दोन-तीन मिनिटांनी मनातल्या मनात स्वतःला नावाने हाक मारायची, आवडीचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर मारतो तशी.

हाक मारायला जमली की कागद घ्यायचा आणि मधोमध दुमडायचा. डावीकडे टीकाकाराचं वाक्य जसंच्या तसं, शिव्या असतील तर शिव्यांसकट. उजवीकडे: हीच चूक जवळच्या सहकाऱ्याच्या हातून झाली असती आणि ती तुमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली असती, तर काय म्हणाला असतात? ताईंनी लिहिलं, 'अगं, महिनाअखेरीला सगळ्यांचीच धांदल असते. आकडा सापडला ना? मग झालं. पाणी पी जरा. पुढच्या वेळी पाठवण्याआधी मला एकदा दाखव.'

किती नेमकं वाक्य आहे बघा. धीर आहे, आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही आहे. इथे थांबून खूश होऊ नका. मी त्यांना म्हटलं, आता हेच स्वतःला वाचून दाखवा. त्यांनी वाचलं, आणि भिंतीवरची सूचना वाचल्यासारखं वाटलं. 'पाणी पी' म्हणताना तर हुकूम सोडल्यासारखं. त्यांच्या परवानगीने ते त्यांच्याच मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. ऐकून त्या म्हणाल्या, 'ही बाई मला कटवतेय, मॅडम.'

शब्द एकही बदलायचा नाही असं ठरवून आम्ही पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या वेळी आधी दोन मिनिटं श्वास. थोडा फरक पडला. तिसऱ्या वेळी मी एक रिकामी खुर्ची पुढे ओढली. ती सहकारी इथे बसलीय असं समजा, तिच्याकडे बघत वाचा. आता 'अगं' वेगळा आला. तेवढाच एक शब्द खाली उतरला, जरा लांबला. मी तिथेच थांबवलं. 'तो अगं पुन्हा म्हणा.' पाच-सहा वेळा त्या नुसतं 'अगं' म्हणाल्या, रिकाम्या खुर्चीला. मग मी म्हटलं, आता तोच, स्वतःच्या हातांकडे बघत. त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले, तळव्यांकडे बघितलं, आणि 'अगं' म्हणताना त्यांचा गळा दाटून आला. पुढचं वाक्य त्या दिवशी वाचलंच नाही. तासातला उरलेला सगळा वेळ त्या एका शब्दावर गेला, आणि मला तो अजिबात वाया गेल्यासारखा वाटत नाही.

तेव्हापासून मी आधी हाक शोधते. कुणाची 'अरे' असते, कुणाची 'अगं', कुणाची घरातलं लाडाचं नाव. मायेची ओळख त्या दीड अक्षरात असते. वाक्य मागून जोडता येतं.

माझ्या हातून झालेली चूक

मला तीन-चार वर्षांचा अनुभव असेल तेव्हाची गोष्ट. एका प्रशिक्षणात हे सराव शिकून आले होते आणि कधी एकदा वापरते असं झालं होतं. परीक्षेत दोनदा नापास होऊन घरी बसलेला एक मुलगा माझ्याकडे येत होता. तिसरंच सेशन. मी त्याला डोळे मिटायला सांगितले, छातीवर हात ठेवायला सांगितला आणि स्वतःला मायेचं वाक्य म्हणायला लावलं. आधी विचारलं नाही, काय होऊ शकतं ते सांगितलं नाही. मिनिटभरात त्याचा श्वास भरभर चालू लागला. 'मला असं कधीच कुणी म्हटलं नाही,' एवढं बोलून तो उठला आणि गेला. मी दोनदा निरोप पाठवला. तो परत आला नाही. मला त्याची आठवण आजही येते.

जे झालं त्याला नाव आहे, हे मला नंतर कळलं. ख्रिस्तोफर जर्मर यांनी अग्निशमन दलाच्या भाषेतून एक शब्द उचलला: बॅकड्राफ्ट. बंद खोलीत आगीने प्राणवायू संपवलेला असतो. दार उघडलं की ताजी हवा आत घुसते आणि भडका उडतो. ज्याला माया कधी मिळालीच नाही, त्याच्या मनाचं दार मायेने उघडलं की आधी तिथे साठलेलं दुःख बाहेर येतं. काहींच्या बाबतीत तर लहानपणी माया आणि मार एकाच हाताने मिळालेला असतो. त्यांच्या शरीराला ऊब म्हणजेच धोका वाटतो. हे बिघडल्याचं लक्षण मानू नका, पण ते किती वेगाने येऊ द्यायचं हे आपल्या हातात असतं.

आता मी असं करते. आधी भडक्याची कल्पना देते, त्याच आगीच्या उदाहरणाने. डोळे उघडे ठेवायला सांगते. हात कुठे ठेवायचा ते क्लायंट ठरवतो: छातीवर, दंडावर, एका हातात दुसरा हात, किंवा कुठेच नाही. पहिल्यांदा पाच सेकंद. थांबायचं असेल तर काय खूण करायची ते आधी ठरवतो आणि एकदा ती खूण करूनही बघतो. भडका उठलाच तर मायेचं सगळं बाजूला ठेवायचं, तळपाय जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या चार वस्तूंची नावं घ्यायची. सावरल्यावर विचारायचं, 'किती टक्के उघडलं तर चालेल?'

आणि सुरुवात स्वतःपासून करायलाच हवी असं कुठे आहे? माया तीन दिशांनी वाहते: आपल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून आपल्याकडे, आणि आपल्याकडून आपल्याकडे. ज्याला तिसरी अशक्य वाटते त्याला पहिली बहुधा येत असते. त्या मुलासोबत मी लहान भावंडापासून, पाळलेल्या जनावरापासून सुरुवात करायला हवी होती. दुसरी दिशा अवघड असली तरी तिचा सराव खोलीतच होतो. मी मनापासून काही चांगलं बोलले की मी विचारते, 'हे आत्ता आत गेलं, की दारातूनच परत गेलं?' लोक या प्रश्नाला खरं उत्तर देतात.

दोन खुर्च्यांचं काम, म्हणजे एका खुर्चीत बसून टीकाकार होणं आणि दुसऱ्या खुर्चीत बसून ते ऐकणं, लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या भावना-केंद्रित पद्धतीत फार चांगलं विकसित झालंय. त्यात तिसरी, मायेची खुर्ची घालता येते. ताकदीचं तंत्र आहे. पण प्रशिक्षण आणि देखरेख असल्याशिवाय करू नका, आणि सूर सापडण्याआधी तर नकोच. टीकाकाराच्या खुर्चीतून माणूस स्वतःला इतकं घालूनपाडून बोलतो की दुसऱ्या खुर्चीत बसायला कुणी उरत नाही.

घरी काय करायला द्यावं

कमीत कमी. ज्याला स्वतःवर टीका करायची सवय आहे, त्याला रोज वीस मिनिटांचा सराव दिला की चौथ्या दिवशी तो 'हेही जमलं नाही' म्हणत येतो. मी तीस सेकंदांचं काही देते. दारातून आत शिरताना एक सावकाश श्वास आणि ती हाक. विसरलात तर आठवेल तेव्हा. पुढच्या वेळी 'केलंत का?' असं न विचारता 'विसरल्याचं लक्षात आलं तेव्हा स्वतःला काय म्हणालात?' असं विचारते. केलं असलं तरी काम होतं, विसरलं असलं तरी होतं.

प्रगती मोजायला नेफ यांची २६ प्रश्नांची मोजपट्टी आहे, ती सुरुवातीला आणि मध्ये एकदा भरून घ्यावी. पण मला जास्त भरवशाचा वाटतो तो एक प्रश्न: हल्ला किती वेळ टिकला? टीकाकार आला की नाही हे विचारू नका, तो येणारच.

एक शेवटचं, आपल्याबद्दल. तो मुलगा गेल्यानंतर कित्येक आठवडे मी स्वतःला जे बोलत होते ते मी क्लायंटच्या तोंडून ऐकलं असतं तर मला काळजी वाटली असती. माझ्या देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ बाईंपाशी ते बोलायलाच मला दोन महिने लागले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि चूक कुठे झाली ते स्पष्ट सांगितलं. आवाज जराही चढला नव्हता. चुकीला चूक म्हणतानाही सूर मायेचा राहू शकतो, हे मला तिथे, त्या खुर्चीत बसून समजलं. तुमच्याकडे असं माणूस नसेल तर शोधा. क्लायंट आपले शब्द विसरतात, पण आपण स्वतःच्या चुकीबद्दल बोलताना आवाज कसा लागतो ते त्यांना बरोबर ऐकू जातं.

ताईंचं काम साधारण आठ महिने चाललं. सुरुवातीला दोन दिवस टिकणारा हल्ला पुढे एका संध्याकाळवर आला. मध्ये पुन्हा दोन दिवसांवर गेला, घरात आजारपण होतं तेव्हा. शेवटच्या काही सेशनपैकी एकात त्या आल्या त्या सांगतच आल्या, 'काल परत आकडा चुकला. आणि मोठा चुकला. दुरुस्त केला, साहेबांना सांगितलं.'

'मग? किती वेळ?'

'ऑफिसचा जिना उतरेपर्यंत.'

मी विचारलं, जिन्यात काय म्हणालात स्वतःला?

'अगं,' त्या म्हणाल्या. 'पुढचं काही आठवलंच नाही.'